भट्टीचा हिशेब कोणी मागायचा?

(पिंपरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘कोळशावरील वीजकेंद्रातील भट्टीची चाचणी’ असा छापलेला पाहून आपल्यापैकी अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. समाजवाद्यांच्या अभ्यासवर्गात जमीनधारणा, मजुरी, महागाई, जातिव्यवस्था, विकेंद्रीकरण हे विषय असावेत हे ठीक. परंतु भट्टीत कोळसा किती जळतो आणि किती न जळताच राखेतून निघून जातो, हा अभियंत्यांचा प्रश्न आहे, त्यात कार्यकर्त्यांनी कशाला डोके घालायचे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, अभियंता नव्हे. तरीही हा विषय मी हट्टाने मागून घेतला, कारण माझे मत असे आहे की, ज्या चळवळीला वीज सार्वजनिक मालकीची राहावी असे वाटते, त्या चळवळीला विजेच्या भट्टीचा हिशेब वाचता आलाच पाहिजे. तो वाचता आला नाही तर सार्वजनिक मालकीचे आपले समर्थन ही केवळ एक घोषणा उरेल, आणि घोषणेला आकड्याने उत्तर देणारे आज पुष्कळ आहेत.

आपल्या घरी येणारे विजेचे बिल पाहा. त्यात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो आणि ‘इंधन समायोजन आकार’ नावाची एक ओळ असते. ही ओळ कधी अदृश्य होते, कधी फुगते. चाकणच्या लघुउद्योजकापासून निगडी-आकुर्डीच्या कामगार वसाहतीतील कुटुंबापर्यंत सर्वजण ती भरतात. कोळशाच्या किमतीतील व पुरवठ्यातील चढउतार या ओळीतून आपल्यापर्यंत पोहोचतो. परंतु विकत घेतलेल्या कोळशातून वीज किती काढली, या प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नसते. ते उत्तर कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, पारस, खापरखेडा आणि नाशिकजवळच्या एकलहरे येथील भट्ट्यांत असते.

भट्टीचे अंकगणित

प्रथम थोडे साधे अंकगणित करू. विजेच्या एका युनिटमध्ये 860 किलोकॅलरी उष्णता सामावलेली असते. मात्र ते एक युनिट तयार करण्यासाठी जुन्या बनावटीच्या केंद्रात सुमारे 2500 किलोकॅलरी उष्णतेचा कोळसा जाळावा लागतो. म्हणजे तीन भाग उष्णता घातली तर एक भागाहून थोडी अधिक वीज हाती येते. उरलेल्यापैकी बहुतेक उष्णता टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेबरोबर थंड पाण्यात जाते. तो निसर्गनियमाचा कर आहे, त्यावर कोणत्याही सरकारचा इलाज नाही. पण बॉयलरमध्ये जे गमावले जाते त्यातील बराचसा भाग माणसाच्या हातातला आहे.

210 मेगावॉटचा एक संच घ्या. महाराष्ट्रात गेली चार-पाच दशके या क्षमतेच्या संचांनीच आपल्याला वीज पुरवली. आपल्या केंद्रांना मिळणाऱ्या कोळशाचा उष्मांक किलोमागे 3500 किलोकॅलरी धरला, तर हा संच पूर्ण भाराने चालताना तासाला 150 टन, म्हणजे दिवसाला 3600 टन कोळसा खातो. त्या कोळशात 40 टक्के राख धरली तर दररोज 1440 टन राख निघते. आता बॉयलरची कार्यक्षमता 85 टक्क्यांवरून 84 वर आली असे समजा. एका टक्क्याने काय बिघडते, असे आपण म्हणू. परंतु तेवढ्यासाठी तासाला जवळजवळ 1.8 टन, दिवसाला सुमारे 43 टन कोळसा जादा लागतो. आणि वर्षातील 300 दिवस संच असा चालला तर सुमारे 13,000 टन. एका मालगाडीत सुमारे 4000 टन कोळसा येतो. म्हणजे एका संचाच्या एका टक्क्यापोटी तीनहून अधिक मालगाड्या भरून कोळसा विनाकारण खणला गेला, वाहून आणला गेला, जाळला गेला आणि त्याची राख कोणाच्या तरी शेताशेजारी ओतली गेली.

हे नुकसान भट्टीत कसे होते ते पाहण्यासाठी भट्टीची रचना डोळ्यांसमोर आणावी लागेल. दहा-पंधरा मजली इमारतीएवढी ही एक पोकळ पेटी असते. तिच्या चारही भिंती पाण्याच्या नळ्यांच्या असतात आणि ती सारी पेटी वरून टांगलेली असते, कारण तापल्यावर तिला खाली प्रसरण पावायला जागा हवी. कोळसा चक्क्यांमध्ये दळून त्याची टाल्कम पावडरीसारखी भुकटी करतात. 200 जाळीच्या चाळणीतून त्यातली निदान 70 टक्के भुकटी पार झाली पाहिजे असा दंडक आहे. ही भुकटी गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकली जाते. आपल्याकडील बहुतेक संचांत हे झोत चार कोपऱ्यांतून, मध्यबिंदूला किंचित हुकवून सोडतात. त्यामुळे मध्यभागी आगीचा एक गरगरता गोळा तयार होतो. कोळशाच्या कणाला जळून जायला जेमतेम काही सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात त्याला पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि पुरेशी घुसळण मिळाली तर तो पूर्ण जळतो. नाही मिळाली तर त्यातील कर्ब अर्धवट जळालेल्या स्थितीत राखेबरोबर निघून जातो.

हवा जास्त घातली की कण जळतात, पण ती जादा हवा तापवून धुराड्यावाटे बाहेर टाकण्यात उष्णता खर्च होते. हवा कमी घातली तर कर्ब शिल्लक राहतो. आगीचा गोळा वर सरकला तर भट्टीच्या मुखाशी वायू फार तापतात, राख वितळून नळ्यांवर चिकटते. तो खाली राहिला तर वाफ पुरेशी तापत नाही. चक्की झिजली, भुकटी जाडसर झाली, एका कोपऱ्यातून कोळसा जास्त आणि दुसऱ्यातून कमी जाऊ लागला की सारा तोल ढळतो. म्हणून भट्टीची कामगिरी ही एकदा बसवून विसरून जाण्याची वस्तू नाही. ती रोज राखावी लागते.

मापनाच्या दोन पद्धती

आता चाचणी कशी करतात ते पाहू. ‘आयएस 8753’ हे भारतीय मानक असो की अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची संहिता असो, त्यांत दोन मार्ग सांगितले आहेत. पहिला मार्ग सरळ आहे: किती उष्णता आत घातली आणि वाफेच्या रूपाने किती बाहेर आली, यांचा भागाकार. दुसरा मार्ग उलट्या दिशेचा आहे: कोठे कोठे किती उष्णता वाया गेली ते एकेक मोजायचे, बेरीज करायची आणि ती शंभरातून वजा करायची. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटेल. राष्ट्रीय उत्पन्न उत्पादनाच्या बाजूने मोजता येते, तसेच खर्चाच्या बाजूनेही. आणि दोन्हींतील तफावत आपल्या अज्ञानाचे माप असते.

भट्टीच्या बाबतीत दुसरा मार्ग अधिक विश्वसनीय ठरतो, आणि त्याचे कारण समजण्यास सोपे आहे. सरळ मार्गात कोळशाचे वजन एक टक्क्याने चुकले तर कार्यक्षमताही जवळजवळ तेवढीच चुकते. उलट्या मार्गात एकूण तोटाच 14-15 टक्क्यांचा असतो. त्याचे मोजमाप शंभरात एकाने चुकले तरी कार्यक्षमतेच्या आकड्यात फरक पडतो तो एका टक्क्याच्या सुमारे सातव्या हिश्श्याचा. शिवाय गळती कोठे आहे हे या मार्गाने कळते. धुरावाटे जाणारी उष्णता, कोळशातील ओलावा व हायड्रोजन यांचे पाणी होऊन वाफ होण्यात जाणारी उष्णता, राखेतील न जळालेला कर्ब, भिंतींतून होणारे उत्सर्जन असे प्रत्येक खाते वेगळे लिहिले जाते. हायड्रोजनचे नुकसान कोळशाबरोबरच येते, त्यावर केंद्रातल्या माणसांचा इलाज नाही. पण धुराचे तापमान सुमारे 22 अंशांनी वाढले की कार्यक्षमता एका टक्क्याने उतरते, हा जाणत्यांचा ठोकताळा आहे. आणि धुराचे तापमान नळ्यांच्या सफाईवर, म्हणजे देखभालीवर अवलंबून असते.

आणि कर्बाचे काय? येथे आपल्या देशी कोळशाची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. एक किलो कर्बात सुमारे 8080 किलोकॅलरी असतात. आपल्या 40 टक्के राखेच्या, 3500 उष्मांकाच्या कोळशाच्या राखेत एक टक्का कर्ब राहिला, तर कोळशातील सुमारे 0.9 टक्के उष्णता गेली. हाच एक टक्का 10 टक्के राखेच्या, 6000 उष्मांकाच्या परदेशी कोळशाच्या राखेत राहिला तर नुकसान होते अवघे 0.13 टक्के. दोषाचे प्रमाण तेच. शिक्षा मात्र सातपट. म्हणून परदेशी भट्टीत जो ढिसाळपणा खपून जातो तो आपल्या भट्टीत परवडत नाही. गरिबाच्या संसारात सांडलवंड जास्त महाग पडते, हे आपल्या आयाबहिणींना सांगावे लागत नाही. वीजकेंद्राच्या व्यवस्थापनाला मात्र ते दर महिन्याला विचारावे लागते.

दुसरा मुद्दा नमुन्याचा. गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली तेव्हापासून आमच्या पिढ्यांना हे शिकवले गेले की, पाहणीचा निष्कर्ष नमुन्याच्या निवडीपेक्षा अधिक चांगला कधीच असत नाही. कोळशाच्या ढिगाचेही तसेच. मालगाडीतून आलेल्या 4000 टनांतून काही किलोंचा नमुना घ्यायचा, तो दळायचा, वाटून कमी करायचा आणि अखेरीस एक ग्रॅम जाळून साऱ्या गाडीचा उष्मांक ठरवायचा. नमुना कोणी, गाडीच्या कोणत्या भागातून, कोणाच्या देखत घेतला, यावर कोट्यवधी रुपयांचा व्यवहार ठरतो. 2012 पासून कोळशाची प्रतवारी एकूण उष्मांकावर होऊ लागली आणि त्यानंतर खाणीवर बिल लावलेला उष्मांक व केंद्रात पोहोचलेला उष्मांक यांतील तफावत हा नियामक आयोगांपुढचा कायमचा वाद होऊन बसला. तिसऱ्या तटस्थ संस्थेकडून नमुने घेण्याची व्यवस्था त्यातूनच आली. भट्टी वाईट की कोळसा वाईट, हा प्रश्न सुटण्यासाठी दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात. तसे ते ठेवले गेले नाहीत तर खाण केंद्राकडे बोट दाखवते, केंद्र खाणीकडे, आणि बिल आपल्याकडे येते.

प्रतिमान आणि प्रत्यक्ष

गेल्या काही दशकांत या क्षेत्रात आणखी एक साधन आले: भट्टीचे गणिती प्रतिमान. भट्टीच्या आत 1300-1500 अंश तापमान असते. तेथे मोजायचे म्हणजे पाण्याने थंड ठेवलेली लांबलचक नळी झरोक्यातून आत सारायची आणि तिच्या टोकाच्या तापमापकाकडून काही बिंदूंचे तापमान मिळवायचे. उरलेली सारी जागा अंधारातच राहते. प्रतिमान तो अंधार भरून काढते. अमेरिकेत हॉटेल यांनी भट्टीचे कप्पे पाडून त्यांच्यातील प्रारणाचा हिशेब मांडला. सोव्हिएत अभियंत्यांनी आपली स्वतंत्र प्रमाणपद्धती बसवली. आणि संगणक स्वस्त झाल्यावर भट्टीचे लाखो लहान घन पाडून प्रत्येकात हवा, उष्णता, कोळशाचे कण यांचे काय होते ते सोडवणे शक्य झाले. येथून काही मैलांवर, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, विवेक रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भुकटी कोळशाच्या बॉयलरची अशी संगणकी प्रतिमाने उभी केली आणि त्यावर ग्रंथही लिहिला. भारतीय कोळसा, भारतीय भट्टी आणि पुण्यातील विज्ञान यांचा हा संगम आहे. याची आपल्याला माहितीही नसावी, हे आपल्या राजकीय शिक्षणातील न्यून आहे.

तथापि प्रतिमानांविषयी अर्थशास्त्रज्ञाने एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, कारण आमच्या शास्त्राने प्रतिमानांपायी पुष्कळ सोसले आहे. प्रतिमान म्हणजे गृहीतकांचा संसार. कोळशाच्या कणांचा आकार, त्यांच्या जळण्याचा वेग, भिंतीवरील राखेच्या थराची जाडी हे आकडे त्यात कोणीतरी घालावे लागतात. ते प्रत्यक्षातून आले नाहीत तर रंगीत चित्र सुंदर दिसते, पण ते त्या भट्टीचे नसते. म्हणून चाचणी आणि प्रतिमान ही एकमेकांना जाब विचारणारी साधने आहेत. चाचणीने प्रतिमान पारखावे आणि प्रतिमानाने पुढची चाचणी कोठे घ्यायची ते सांगावे. चाचणी बंद करून प्रतिमानावर विसंबणे म्हणजे जनगणना न करता लोकसंख्येचे अंदाज छापत राहणे होय.

राख आणि माणसे

आतापर्यंत आपण कोळशाचा हिशेब केला. आता माणसांचा करू. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उत्तर प्रदेशातील रायबरेली जिल्ह्यात उंचाहार येथील सरकारी वीजकेंद्रात 500 मेगावॉटच्या सहाव्या संचाच्या बॉयलरमध्ये स्फोट झाला. भट्टीच्या तळाशी राख साचली होती, ती बाहेर पडण्याचा मार्ग तुंबला होता. संच पूर्णपणे बंद करून भट्टी थंड होऊ देण्याऐवजी तो चालू ठेवून राख मोकळी करण्याचे काम सुरू होते. तप्त वायू, वाफ आणि राख कामगारांवर आली. चाळीसहून अधिक माणसे मरण पावली. त्यांतील बहुतेक कंत्राटी होती.

भट्टीच्या तळाशी राख साचणे ही अकस्मात कोसळणारी आपत्ती नव्हे. राख कोणत्या तापमानाला मऊ होते हे प्रयोगशाळेत कळते. भट्टीच्या मुखाशी तापमान किती चढले हे मोजता येते. राखेच्या कुंडीत किती ढेकळे जमली हे तेथे उभ्या असलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसते. प्रश्न एवढाच असतो की, त्या माणसाने ‘संच थांबवा’ म्हटले तर ते ऐकण्याची व्यवस्था आहे काय? कायम नोकरीतल्या, संघटनेचे पाठबळ असलेल्या कामगाराच्या सांगण्याला थोडे तरी वजन असते. कंत्राटदाराच्या हजेरीपटावरचा मजूर उद्या कामावर असेल की नाही हेच ठाऊक नसताना त्याने कोणाला थांबवायचे? भट्टीची कामगिरी आणि कामगाराची नोकरी हे दोन वेगळे विषय नाहीत, असे मी म्हणतो ते यासाठी.

आपला बॉयलरविषयक कायदाच अशा एका दुर्घटनेतून जन्मला. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली आणि 1864 मध्ये बंगालमध्ये पहिला कायदा झाला. पुढे 1923 चा भारतीय बॉयलर कायदा आला. त्याच्याखालील 1950 च्या नियमावलीची ‘आयबीआर’ ही तीन अक्षरे चिंचवड-भोसरीतल्या प्रत्येक वेल्डरला पाठ आहेत. 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. परंतु या कायद्याचे लक्ष जोडणीवर, नळीच्या जाडीवर, वाफेच्या दाबावर असते. पोलादी कवच फुटणार नाही याची ग्वाही तो देतो. त्या कवचाच्या आत रोज काय जळते, किती जळते आणि राख कोठे साचते, हे विचारणारा नागरिक या कायद्याला ठाऊक नाही.

राख भट्टीबाहेर पडल्यानेही संपत नाही. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी आजूबाजूच्या शेतांत व ओढ्यांत गेले. वाया गेलेल्या प्रत्येक टन कोळशामागे 400 किलो राख येते, हे गणित त्या गावांच्या बाजूने कोणी मांडले पाहिजे.

सार्वजनिक मालकी आणि सार्वजनिक हिशेब

आता मूळ राजकीय प्रश्नाकडे येतो. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले आणि 2005 मध्ये त्याचे निर्मिती, पारेषण व वितरण अशा कंपन्यांत विभाजन झाले. जानेवारी 2023 मध्ये समांतर वीज परवान्याच्या विरोधात कर्मचाऱ्यांनी संप पुकारला तेव्हा आपण सारे त्यांच्या पाठीशी उभे राहिलो, आणि ते योग्यच होते. पण त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून एकच युक्तिवाद पुन्हा पुन्हा वाचायला मिळाला: सरकारी केंद्रे अकार्यक्षम आहेत. आपण म्हटले, नाहीत. दोन्ही पक्षांनी आकडे दिले नाहीत. खाजगीकरणवाद्यांना आकड्यांची गरज नसते, कारण संशय त्यांच्या कामी येतो. आपल्याला मात्र असते. अकार्यक्षमतेचे कारण जर निकृष्ट कोळसा, पुढे ढकललेली दुरुस्ती आणि भरली न गेलेली पदे हे असेल, तर ते सिद्ध करणारा पुरावा भट्टीच्या चाचणीतच आहे. आणि जर कारण ढिलाई किंवा भ्रष्टाचार असेल, तर तो झाकून सार्वजनिक क्षेत्र वाचणार नाही.

आकडे मागितल्याने काय होते याचा अनुभव या जिल्ह्याला आहे. एन्रॉनचा करार 1992 पासून गाजत होता. त्याचे तांत्रिक व आर्थिक विश्लेषण लोकांपुढे ठेवणाऱ्यांत गिरीश संत आणि पुण्याच्या ‘प्रयास’मधील त्यांचे सहकारी पुढे होते. 2001 मध्ये तो प्रकल्प बंद पडला तेव्हा त्यांचे इशारे खरे ठरले होते. 2000 मध्ये नियामक आयोगाच्या पहिल्या मोठ्या दरसुनावणीत वीज मंडळाची गळती पूर्वी सांगितल्या जाणाऱ्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक, तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचे उघड झाले. शेतकऱ्यांच्या पंपांच्या नावावर खपवलेली चोरी व गळती तेथे दिसू लागली. मूठभर माणसांनी कागद मागितले, वाचले आणि प्रश्न विचारले. यापेक्षा वेगळी जादू त्यात नव्हती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो तरुण साथींकडून येईल: कोळशाचे युग संपत आले आहे, सौर वीज स्वस्त झाली आहे, मग मावळत्या भट्टीची एवढी चिंता कशाला? माझे उत्तर असे की, मावळतीच्या काळातच भट्टी अधिक अवघड होते. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा कोळशाचे संच मंद करावे लागतात आणि सूर्य मावळला की झपाट्याने वर आणावे लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनी कोळशाच्या संचांना टप्प्याटप्प्याने 40 टक्के भारापर्यंत उतरण्यास सांगितले आहे. पूर्ण भारासाठी बांधलेल्या भट्टीत 40 टक्के भाराला ज्योत डळमळते, ती स्थिर ठेवायला तेल जाळावे लागते, आणि नळ्या वारंवार तापून-निवून थकतात. या नव्या राहणीची चाचणी व प्रतिमान न करता संच चालवणे म्हणजे नळीफुटीला आणि अपघाताला आमंत्रण देणे. सूर्याकडे जाण्याची वाट आणखी काही वर्षे या भट्टीच्या शेजारूनच जाते; त्या वाटेवर भाजायचे कोणी, हा आपला प्रश्न आहे.

पिंपरी-चिंचवडचे या बाबतीत दुहेरी नाते आहे. हा पट्टा वीज खातो, हे तर उघडच आहे. 2006 मध्ये भारनियमनाच्या काळात पुणे परिसरात कारखान्यांची स्वतःची जनित्रे चालवून, त्याचा जादा खर्च ग्राहकांकडून घेऊन वीजकपात टाळली गेली, आणि तो ‘पुणे नमुना’ म्हणून गाजला. ज्यांना जादा दर देणे परवडत होते त्यांचा अंधार गेला. ग्रामीण महाराष्ट्राचा राहिला. त्या वेळी मूळ भट्ट्यांची कामगिरी सुधारण्याची चर्चा किती झाली? पण हाच पट्टा बॉयलरही घडवतो. 1966 मध्ये ‘वॅनसन’ नावाने सुरू झालेली आणि 1980 मध्ये ‘थरमॅक्स’ झालेली कंपनी चिंचवडची. वाफेची मापनयंत्रे करणारी ‘फोर्ब्स मार्शल’ कासारवाडीची. 2010 मध्ये थरमॅक्सने अमेरिकन भागीदाराबरोबर मोठ्या वीजकेंद्रांच्या बॉयलरसाठी संयुक्त कंपनी काढली, शिरवळला कारखाना उभा राहिला; अपेक्षित मागण्या आल्या नाहीत आणि 2018 मध्ये भागीदाराचा हिस्सा थरमॅक्सने विकत घेतला. मोठी भांडवली गुंतवणूक आणि शिकलेले हात बाजाराच्या लहरीवर पडून राहू शकतात, हा त्याचा धडा. वाफ जोखणारी, वेल्ड तपासणारी, धूर मोजणारी हजारो माणसे या परिसरात आहेत. तुमच्यापैकी कित्येकजण त्यांच्यातलेच आहेत. सार्वजनिक वीजकेंद्रांच्या चाचणीसाठी या कौशल्याचा उपयोग करणारी, राज्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना व प्रयोगशाळांना जोडणारी स्वतंत्र चाचणीयंत्रणा उभारण्याची मागणी येथून उठली तर ती अधिकाराने उठेल. एक पथ्य मात्र त्या यंत्रणेने पाळावे: ज्याने बॉयलर किंवा कोळसा विकला, त्याच्याकडून चाचणी करवून घेऊ नये.

अखेरीस कार्यक्रमाविषयी. महानिर्मितीच्या दरयाचिका महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे येतात, त्यावर जाहीर सूचना निघते आणि कोणाही नागरिकाला लेखी हरकत घेता येते. पुढच्या याचिकेच्या वेळी आपण संचागणिक, महिन्यागणिक पाच आकडे मागावेत असे मी सुचवतो. पहिला, कोळशाचा उष्मांक: बिलातला, केंद्रात पोहोचलेला आणि प्रत्यक्ष भट्टीत गेलेला. दुसरा, उडत्या राखेतील व तळाच्या राखेतील न जळालेला कर्ब. तिसरा, धुराचे तापमान आणि त्यातील प्राणवायू. चौथा, ज्योत टिकवण्यासाठी जाळलेले तेल. पाचवा, नळीफुटीमुळे संच बंद राहिलेले तास, आणि त्याच्याशेजारी भट्टी व राख विभागात जखमी झालेल्या कायम व कंत्राटी कामगारांची संख्या. हे सारे आकडे केंद्रात आजही लिहिले जातात. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. त्याच हरकतीत असेही मागावे की, चाचणीच्या वेळी कामगारांच्या प्रतिनिधीला हजर राहण्याचा आणि धोका दिसल्यास संच थांबवण्याचे लेखी मत नोंदवण्याचा अधिकार असावा. मग तो प्रतिनिधी कंत्राटी असला तरी.

हरकतीचा मसुदा करण्यासाठी येथल्या पाच-सात साथींची एक तुकडी आजच ठरवावी. तिच्यात निदान दोन बॉयलर कामगार असावेत, एखादी हिशेब जाणणारी भगिनी असावी आणि शक्य झाल्यास कोराडी-खसाळा भागातील एखादा शेतकरी. आकडेमोडीसाठी मी बसायला तयार आहे. पहिली बैठक कधी घ्यायची ते व्याख्यानानंतरच्या चर्चेत ठरवू.